माऊस ऐकत नाही, ही तक्रार खरी किती?

पूर्वी कापडाचा सौदा नमुन्यावर आणि जबानीवर होत असे. भिवंडीचा किंवा मालेगावचा यंत्रमागधारक ठाणाचा तुकडा पिशवीत घालून मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात जाई, पेढीवर बसून चहा घेई, भाव ठरवी आणि संध्याकाळच्या गाडीने परत येई. तो व्यवहार अजून संपलेला नाही. पण त्याच्या जोडीला दुसरा एक व्यवहार उभा राहिला आहे. निर्यातदार असो, मोठ्या नावाने माल विकणारी कंपनी असो की कर्जाची फाईल तपासणारा बँकेचा अधिकारी असो, माल हातात घेण्याआधी तो विचारतो, "तुमची प्रोसेस दाखवा." त्याला चार-सहा स्लाईडचे सादरीकरण हवे असते आणि त्यात एक आकृती हवी असते. सूत कुठून येते, कोणत्या हातांतून जाते, कुठे तपासले जाते, हे चौकटी आणि बाण काढून दाखवायचे असते.

आमच्या कारखान्यांत हे काम बहुधा घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी पॉवरपॉइंटमध्ये करते. ज्यांच्या घरी तशी सोय नाही ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन करवून घेतात. आणि दोन्हीकडे एकच तक्रार ऐकू येते : माऊस ऐकत नाही. चौकट उचलायला जावे तर तिच्यातल्या अक्षरांत कर्सर लुकलुकू लागतो. एक चौकट सरकवावी तर चार बाण ओढले जातात. रेघ हवी तिथे ठेवावी तर ती उडी मारून शेजारी बसते. एकाच्या जागी दोन चौकटी होतात. मग अब्बा मुलावर चिडतात, मुलगा माऊस आपटतो, तीनचारशे रुपये खर्चून नवा माऊस येतो आणि दुसऱ्या दिवशी तोही तसाच वागतो. यापुढची पायरी म्हणजे दुरुस्तीवाल्याला बोलावणे. तो संगणक फॉरमॅट करून देतो, आणि माऊसच्या नादात वर्षाची उधारी-जमेची नोंद पुसली जाते. हे आम्ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही. ज्यांचे असे झाले त्यांना त्या उधारीची किंमत चांगली ठाऊक आहे.

आमचे मत असे आहे की अशा दहा तक्रारींपैकी फार थोड्या खऱ्या अर्थाने माऊसच्या असतात. उरलेल्यांत पॉवरपॉइंट स्वतःच्या नियमाप्रमाणे चाललेला असतो आणि तो नियम आपल्याला कोणी सांगितलेला नसतो. म्हणून पैसा काढण्याआधी दोष कुणाचा हे ठरवावे.

त्यासाठी माऊस मुळात काय करतो, हे समजून घेणे बरे. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास पहिला माऊस तयार झाला. बिल इंग्लिश यांनी तो घडवला, आणि आमच्या सुतार बांधवांना ऐकून बरे वाटेल, त्याचे खोके लाकडी होते. खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. आजच्या माऊसमध्ये चाकांच्या जागी उजेड टाकणारा दिवा आणि पाहणारा डोळा आहे, पण काम तेच आहे : आपण किती सरकलो, कोणते बटण दाबले गेले आणि चाक किती फिरले, एवढेच तो संगणकाला सांगतो. चौकट उचलायची, अक्षर धरायचे की बाण चिकटवायचा, यातले काहीही माऊस ठरवत नाही. ते ठरवतो पॉवरपॉइंट, जो १९८७ मध्ये फोरथॉट नावाच्या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी काढला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतला.

तेव्हा पहिली परीक्षा अगदी साधी आहे. पॉवरपॉइंट बंद करावा आणि विंडोजमधला 'पेंट' उघडावा. डावे बटण दाबून धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब नागमोडी रेघ ओढावी. रेघ मध्येच तुटली, थरथरली किंवा भलतीकडे उडाली तर दोष माऊसकडे किंवा त्याच्या बैठकीकडे आहे. रेघ सलग आली तर माऊसला दोष देऊ नये. पुढचा शोध पॉवरपॉइंटमध्ये घ्यावा. या परीक्षेला एक मिनिट लागते, आणि तेवढ्यानेच निम्म्या खरेद्या टळतील असे आम्हाला वाटते.

माऊसचे खरे आजार

रेघ थरथरली तर आधी माऊस उलटा करून पाहावा. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताचा भुगा सगळीकडे उडत असतो. त्यातला एखादा तंतू माऊसच्या डोळ्याच्या भोकात अडकला की खुणेचा बाण जागच्या जागी नाचू लागतो. फुंकर मारून किंवा कोरड्या मऊ ब्रशने तो काढावा. सुई किंवा पिन घालू नये, आतल्या भिंगावर ओरखडा येतो. सुतारकामाच्या भुशाचेही असेच.

दुकानदारांची अडचण वेगळी. गल्ल्यावर काच असते आणि माऊस त्या काचेवर फिरवला जातो. उजेडावर चालणाऱ्या साध्या माऊसला पारदर्शक काच दिसतच नाही. त्याला खालच्या पृष्ठभागाचे बारीक खडबडीतपण हवे असते, त्याच्यावरूनच तो आपली चाल मोजतो. एक जाड कागद किंवा जुनी वही खाली ठेवली की काम झाले. चकचकीत सनमायकावरही तोच उपाय.

रेघ मध्येच तुटत असेल तर बटणाखालची कळ झिजली असण्याचा संभव मोठा. आत पितळी पात्याएवढी एक बारीक पट्टी असते. ती लाखो वेळा दाबली जाते आणि शेवटी तिचा स्पर्श कच्चा होतो. मग आपण एकदा दाबतो आणि संगणकाला दोनदा दाबल्याचे कळते. किंवा आपण दाबून धरलेले असते आणि त्याला मध्येच सोडल्यासारखे वाटते. आकृतीत याचा परिणाम म्हणजे ओढत असलेली चौकट अर्ध्या वाटेत पडते. डेस्कटॉपवरच्या एखाद्या चित्रावर एकदाच टिचकी मारून पाहावी. ते निवडले जाण्याऐवजी उघडले, आणि असे वारंवार झाले, तर मात्र नवा माऊस घ्यावा. इथे खर्च योग्य आहे.

बिनतारी माऊस अडखळत असेल तर आधी सेल बदलावा. तेवढ्याने भागले नाही तर संगणकात खोचलेला त्याचा छोटा तुकडा कुठे आहे ते पाहावे. हे माऊस बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. शेजारच्या निळ्या खाचेत, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत, हार्ड डिस्क किंवा पेनड्राईव्ह चालू असेल तर तिचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येतो आणि माऊसचा निरोप मध्येच हरवतो. तुकडा दुसऱ्या बाजूला किंवा छोट्या वायरीने पुढे आणून लावावा.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. टाईप करताना तळहात टचपॅडला लागतो आणि खूण भलतीकडे जाते. दोष मात्र जोडलेल्या माऊसवर येतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टचपॅडच्या पानावर, माऊस जोडला असताना टचपॅड चालू ठेवायचा की नाही, याचे खूण-घर आहे. ते काढून टाकावे.

आणि एक सेटिंग असे आहे की ज्याने भलेभले चकतात. कंट्रोल पॅनेलच्या माऊसच्या खिडकीत 'क्लिकलॉक' नावाची सोय आहे. ज्यांना बटण दाबून धरणे जमत नाही अशांसाठी ती केलेली आहे. थोडा वेळ दाबून सोडले तरी संगणक बटण दाबलेलेच समजतो. कुणी नकळत ती सुरू केली असेल तर चौकट माऊसला चिकटते आणि सोडली तरी सुटत नाही. माऊसला जिन लागल्याची थट्टा आम्ही एका कारखान्यात ऐकली आहे. तिथे एवढेच झाले होते.

कळफलकाकडेही नजर टाकावी. भुग्याने 'कंट्रोल'ची कळ खाली अडकली असेल तर चाक फिरवल्यावर स्लाईड वर-खाली जाण्याऐवजी लहान-मोठी होऊ लागते, एका चौकटीवर टिचकी मारली की आधीचीही निवडलेली राहते, आणि चौकट ओढली की तिची दुसरी प्रत तयार होते. 'शिफ्ट' अडकली तर वस्तू फक्त आडवी किंवा उभी सरकते, तिरकी जात नाही. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली गेली की विंडोज 'स्टिकी कीज'बद्दल विचारतो. घाईत 'हो' म्हटले गेले असेल तर ते जाऊन बंद करावे.

चौकट, तिची कड आणि तिचे पोट

आता पॉवरपॉइंटचे नियम पाहू. चौकटीत अक्षरे असतील आणि अक्षरांवर टिचकी मारली तर तो समजतो की तुम्हाला लिहायचे आहे. कडेवर टिचकी मारली तर समजतो की चौकट उचलायची आहे. कडेची रेघ तुटक दिसली तर आपण लिखाणात आहोत, सलग दिसली तर चौकट हातात आहे. लिखाणात अडकलो असू तर एकदा 'एस्केप' दाबावे. चौकट हातात येते. ही एक गोष्ट कळली की 'डिलीट' दाबल्यावर चौकटीऐवजी अक्षर का गेले, याचेही उत्तर मिळते.

दुसरा प्रकार पोकळ चौकटीचा. 'नो फिल' केलेल्या रिकाम्या चौकटीच्या पोटात कितीही टिचक्या मारल्या तरी ती निवडली जात नाही, कारण तिला पोटच नसते. कडच धरावी लागते. याच्या उलट, पांढरा रंग भरलेली किंवा पूर्ण पारदर्शक केलेली चौकट दिसत नाही, पण तिला पोट असते. ती दुसऱ्या वस्तूवर पसरली असेल तर सगळ्या टिचक्या तीच गिळते आणि खालची वस्तू हाती लागत नाही. अशा वेळी 'ऑल्ट' आणि 'एफ-१०' एकत्र दाबावे. उजव्या हाताला 'सिलेक्शन पेन' नावाची यादी उघडते. स्लाईडवरची प्रत्येक वस्तू तिथे नावाने हजर असते. नावावर टिचकी मारली की वस्तू निवडली जाते, डोळ्याच्या खुणेने ती लपवता येते. नव्या आवृत्त्यांत तिथे कुलूपही आहे. कुलूप लावलेली चौकट जागची हलत नाही, आणि ते कुणी लावले हे दुसऱ्याला ठाऊक नसते. आमच्या मते आकृती काढणाऱ्याने ही यादी सतत उघडी ठेवावी. हजेरीपट पाहिल्याशिवाय मुकादम कामगार मोजत नाही.

एकाच्या दोन चौकटी होण्याचे कारण वर आलेच : ओढताना 'कंट्रोल' दाबले गेले की प्रत होते. प्रत दूर पडली तर दिसते. ती मूळ चौकटीवर जवळजवळ तंतोतंत बसली तर दिसत नाही. मग वरच्या चौकटीत आपण '४० नंबर' खोडून '६० नंबर' सूत लिहितो, आणि समोरच्याच्या संगणकावर वरची चौकट जरा सरकली की खालून '४० नंबर' डोकावतो. सिलेक्शन पेनमध्ये एकाच नावाच्या दोन वस्तू दिसल्या की सावध व्हावे.

गटाचा नियम असा : पहिल्या टिचकीला पूर्ण गट निवडला जातो, दुसऱ्या टिचकीला गटातली एकच वस्तू. ज्याला सवय नाही तो गट उचलतो आहे असे समजून एकच चौकट ओढतो. बाहेर कोरी जागा पाहून एकदा टिचकी मारावी आणि पुन्हा एकदाच गट निवडावा. लिबर ऑफिसच्या 'इम्प्रेस'मध्ये गटात शिरायला 'एफ-३' आणि बाहेर यायला 'कंट्रोल' व 'एफ-३' असा वेगळा रिवाज आहे. जाता जाता सांगतो, पॉवरपॉइंटची चोरीची प्रत वापरून हलाल रोजीचा प्रकल्प अहवाल करणे आम्हाला पटत नाही. इम्प्रेस फुकट आणि रीतसर मिळतो, आणि चौकटी-बाणांच्या कामाला तो पुरेसा आहे.

मिरजेच्या सतारीचे पडदे

रेघ उडी मारून शेजारी बसते, ही तक्रार आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार कारागिरांच्या घराण्यांतून ही कला तिथे पुढे आली. आता दूरच्या ग्राहकाला सतारीची आकृती पाठवायची आहे असे समजा : भोपळा, दांडी, घोडी, खुंट्या आणि पडदे. सतारीचे पडदे सारख्या अंतरावर नसतात. ते घोडीकडे जवळ जवळ येत जातात आणि मधली काही अंतरे स्वरांप्रमाणे कमी-जास्त असतात. पॉवरपॉइंटला हे ठाऊक नाही. स्लाईडवर न दिसणारी एक जाळी असते, तिची घरे साधारण दोन मिलिमीटरची, आणि ओढलेली प्रत्येक वस्तू तो जाळीच्या जवळच्या रेघेवर नेऊन बसवतो. त्याला 'स्नॅप टू ग्रिड' म्हणतात. ही सोय बहुतेक वेळा सुरूच असते.

दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण चार फुटांची सतार स्लाईडवर मावावी म्हणून एक-पंचमांश मापात काढली, तर स्लाईडवरचे दोन मिलिमीटर म्हणजे दांडीवरचा एक सेंटिमीटर. वाद्य वाजवणाऱ्याला एक सेंटिमीटर सरकलेला पडदा दाखवणे म्हणजे आपल्या हाताने आपल्या कारागिरीवर शंका घेणे आहे. वाईट असे की जाळीवर बसलेले पडदे सारख्या अंतराचे आणि नीटनेटके दिसतात, त्यामुळे ज्याने काढले त्याला चूक झाल्याचे कळतही नाही.

उपाय तीन आहेत. ओढताना 'ऑल्ट' दाबून धरली की जाळी तेवढ्यापुरती सुटते आणि रेघ हवी तिथे थांबते. किंवा रेघ निवडून 'कंट्रोल' दाबून बाणाच्या कळांनी सरकवावी. ती अगदी केसाकेसाने सरकते. किंवा स्लाईडच्या कोऱ्या जागी उजवे बटण दाबून 'ग्रिड अँड गाईड्स' उघडावे आणि जाळीची खूण काढून टाकावी. ओढताना मध्येच उगवणाऱ्या तुटक रेघांना 'स्मार्ट गाईड्स' म्हणतात. त्याही वस्तूला शेजारच्याच्या रांगेत खेचतात. त्यांची खूणही तिथेच आहे. पण ज्याला माप पाळायचे आहे त्याने माऊसवर विसंबूच नये. रेघेवर उजवे बटण दाबून 'साईज अँड पोझिशन' उघडावे आणि मोजपट्टीने घेतलेले आकडे तिथे लिहावेत. हात थरथरतो, आकडा थरथरत नाही.

बाण कोणत्या चौकटीचा

आता ज्या गोष्टीने खरे नुकसान होते तिकडे येऊ. साध्या धोट्याच्या मागाची प्रक्रिया अशी : सूत, वार्पिंग, सायझिंग, बीम मागावर चढवणे, विणाई, तपासणी आणि घडी. हे झाले ताण्याचे. बाण्याचे सूत वेगळ्या वाटेने येते. ते कांडीवर भरले जाते आणि थेट मागावर जाते. ताण्याच्या सुताला फणीतून आणि वहीतून घासत जावे लागते, ओढ सोसावी लागते, म्हणून त्याला खळ लावावी लागते. बाण्याला ती लागत नाही. म्हणजे आकृतीत 'कांडी'चा बाण 'माग' या चौकटीलाच गेला पाहिजे.

पॉवरपॉइंटमधले बाण दोन प्रकारे राहतात. टोक चौकटीच्या कडेवरच्या ठिपक्यावर आणून सोडले तर ते चिकटते, आणि चौकट सरकवली की बाणही मागे येतो. टोक नुसते जवळ सोडले तर ते सुटेच राहते. चौकट निघून जाते आणि बाण हवेत लटकतो. दोन्ही पाहणाऱ्याला सारखेच दिसतात. ओळखायचे कसे? बाणावर टिचकी मारावी. आजच्या आवृत्त्यांत चिकटलेले टोक हिरव्या ठिपक्याने दाखवले जाते, सुटे टोक पांढऱ्याने.

गोंधळ असा होतो. जागा करण्यासाठी मुलगा 'सायझिंग'ची चौकट जरा खाली घेतो. तिला चिकटलेले बाण तिच्यामागे येतात, आणि ते बरोबरच आहे. त्याला मात्र वाटते की माऊसने बाण ओढले. तो बाण मधोमध धरून पूर्वीच्या जागी नेतो. त्याबरोबर त्याची दोन्ही टोके सुटतात. मग एकेक टोक ओढून जुळवू लागतो. कांडीच्या बाणाचे टोक मागाकडे नेताना वाटेत सायझिंगच्या चौकटीवर ठिपके उमटतात, बोट तिथे सुटते आणि बाण सायझिंगला चिकटतो. दोन चौकटी शेजारी शेजारी आहेत, स्लाईड लहान आहे, कुणाच्या ध्यानात येत नाही.

समोर कापडातला जाणकार असेल तर तो एका नजरेत विचारील, "तुम्ही बाण्याला खळ लावता?" आणि पुढच्या सगळ्या आकड्यांवर त्याचा विश्वास उरणार नाही. समोर बँकेचा अधिकारी असेल तर तो विचारणारही नाही. तो सायझिंगचा खर्च दोन्ही सुतांवर धरून हिशेब करील आणि तुमचा नफा कागदावर आपोआप कमी होईल. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या पैगंबर मुहम्मद (स.) यांची घटना आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. मालाविषयी ग्राहकाला जे सांगायचे ते खरे सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, आणि आकृती हेही एक सांगणेच आहे. तिच्याखाली आपले नाव असते, माऊसचे नसते.

म्हणून बाणांच्या बाबतीत आम्ही एक शिस्त सुचवतो. बाण मधोमध कधी धरू नये, टोकच धरावे. टोक जोडताना स्लाईड मोठी करून घ्यावी, कंट्रोल दाबून चाक पुढे फिरवले की ती मोठी होते. टोक सोडल्यावर हिरवा ठिपका पाहावा. शंका असेल तर चौकट जराशी हलवून बाण मागे येतो का ते पाहावे आणि लगेच 'कंट्रोल' व 'झेड' दाबून ती जागेवर आणावी. उजव्या बटणाच्या यादीत 'रीरूट कनेक्टर्स' अशी सोय सापडते. ती बाणाला दोन चौकटींमधल्या सर्वांत जवळच्या बाजू धरायला लावते. चेहरामोहरा सुधारतो, पण बाण मुळात चुकीच्या चौकटीला असेल तर ती त्याला तिथेच ठेवते. तिच्यावर भरवसा ठेवून तपासणी सोडू नये.

काही किरकोळ गोष्टी. २००७ पासून 'स्मार्टआर्ट' नावाच्या तयार आकृत्या मिळतात. त्यात एक चौकट वाढवली की बाकीच्या आपोआप लहान होतात आणि सरकतात. ती तिची रीत आहे. जागा आपल्या हातात हवी असेल तर 'कन्व्हर्ट टू शेप्स' करून ती साध्या चौकटींत बदलावी. व्हॉट्सअॅपवर आलेली आकृती हा बहुधा नुसता फोटो असतो. त्यातला एकेक बाण हलवण्याची खटपट करू नये, मूळ फाईल मागवावी. प्रत्येक स्लाईडवर दिसणारे दुकानाचे चिन्ह हाती लागत नसेल तर ते 'स्लाईड मास्टर'वर आहे, 'व्ह्यू'मध्ये जाऊन तिथे बदलावे. माऊस निवडण्याऐवजी रेघोट्या ओढू लागला तर 'ड्रॉ'मधली पेन्सिल हातात राहिली आहे; एस्केप दाबावे. एकाच आकाराच्या चौकटी आपोआप काढल्या जात असतील तर 'लॉक ड्रॉईंग मोड' सुरू झालेला आहे. त्यालाही एस्केपच लागू पडते.

हे सगळे करूनही पॉवरपॉइंटमध्येच माऊस अडखळत असेल आणि पेंटमध्ये नीट चालत असेल, तर 'कंट्रोल' दाबून धरून पॉवरपॉइंट उघडावा. तो 'सेफ मोड'मध्ये उघडायचे का असे विचारतो. तिथे माऊस नीट चालला तर बाहेरून जोडलेल्या एखाद्या 'ॲड-इन'ची ती करामत आहे. एकेक बंद करून पाहावे. तिथेही अडखळला तर स्लाईडमध्ये मोबाईलवर काढलेले जड फोटो भरले आहेत का ते पाहावे आणि 'कॉम्प्रेस पिक्चर्स'ने ते हलके करावेत. या टप्प्यापर्यंत संगणक फॉरमॅट करण्याचे काही कारण नाही. दुरुस्तीवाल्याने तसे सुचवलेच तर आधी हिशेबाची फाईल पेनड्राईव्हवर घ्यावी.

काम पुरे झाल्यावर मूळ फाईल आपल्याजवळ ठेवावी आणि ग्राहकाला पीडीएफ पाठवावी. तिच्यातल्या चौकटी कुणाच्या माऊसने हलत नाहीत. पाठवण्यापूर्वी तिची एक प्रत छापून मागावरच्या जॉबरच्या हाती द्यावी आणि त्याला सुतापासून घडीपर्यंत प्रत्येक बाणावरून बोट फिरवायला सांगावे. त्याला इंग्रजी वाचता येत नसेल तर चौकटींची नावे मराठीत किंवा उर्दूत वाचून दाखवावीत. कांडीपाशी त्याचे बोट अडखळले तर फाईल पुन्हा उघडावी.